जरा पडलो होतो

दुपारी तीन वाजता कोणालाही फोन करा आणि विचारा, "झोपला होता का?" अख्ख्या महाराष्ट्रात 'हो' असं उत्तर मिळणार नाही. "छे छे, जागाच होतो", "जरा पाठ टेकली होती", "पेपर चाळत होतो." पेपर चाळणाऱ्याचा आवाज मात्र विहिरीतून येत असतो. माझंही तेच. फोन वाजला की आधी उठून बसायचं, दोनदा खाकरायचं, रिकाम्या खोलीत एक 'हॅलो' म्हणून बघायचं आणि मग फोन उचलायचा. एवढ्या तालमीनंतर दिलेल्या हॅलोवर पलीकडची मुलगी विचारते, "सर, पर्सनल लोन हवंय का?" मी तिलाही सांगून टाकतो की मी झोपलो नव्हतो. तिने विचारलेलंसुद्धा नसतं.

रात्री नऊ तास घोरणारा माणूस 'लवकर निजतो हो, शिस्तीचा आहे' म्हणून कौतुकाला पात्र. दुपारी अर्धा तास डोळा लागला की तोच माणूस ऐदी. हा न्याय कोणी लावला कोण जाणे.

निदान नागपूरकराला मे महिन्यात तरी ही लपवाछपवी करावी लागू नये. पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी १२ ते ३ उन्हात बाहेर पडू नका, असं सरकारच बजावतं. पुण्यातल्या दुकानांवर '१ ते ४ बंद'च्या पाट्या असतात म्हणून नाव पुण्याचं झालं. आमच्याकडे मे महिन्यात पाटी लावून उपयोग नसतो, कारण ती वाचायला रस्त्यावर कोणी नसतं. त्यात जेवायला आंब्याचा रस, पोळ्या, रसात तुपाची धार आणि तोंडी लावायला कुरडया. जेवून उठल्यावर मी ज्या दिशेला चालतो ती दिशा मी निवडत नाही, पाय निवडतात.

त्या दिशेला कूलर असतो. कूलर म्हणजे काय ते एसीवाल्यांना कळायचं नाही. ओल्या खसचा तो वास आला, पंख्याची घरघर एका लयीत लागली की तुमचं नाव, हुद्दा, बँकेचे हप्ते सगळं आपोआप पुसलं जातं. आता लागते, आता लागते, असं होत असतानाच पंप खर्रर्र करतो. टाकीतलं पाणी संपलं. सकाळी काठोकाठ भरलेली टाकी नेमकी माझी मान उशीवर स्थिरावल्यावरच कशी आटते, हे मला आजवर कळलेलं नाही. टाकी भरायचं काम आमच्याकडे माझं. उठायचं, मोरीतून पाईप ओढत आणायचा, त्याचं तोंड कूलरच्या पोटात खुपसायचं आणि टाकी भरेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहायचं. पाईप सोडून आडवं झालं तर फरशीवर तळं होतं. उभं राहिलं तर झोप जाते. आणि टाकी भरून परत येईस्तोवर गाद्यांमधली गार हवेच्या समोरची गादी मुलाने पटकावलेली असते.

हा मुलगा बंगळुरूहून सुट्टीला येतो आणि मला झोपेचं शास्त्र शिकवतो. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान येणारी गुंगी निव्वळ जेवणाची नसते, शरीराच्या घड्याळातच तेव्हा उतार असतो. न जेवलेल्यालाही ती येते. (एकादशीचं कोडं सुटलं. तोवर मी साबुदाण्याला दोष देत होतो.) नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना पाळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती देऊन पाहिली, तेव्हा ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि पुढे जास्त सावध राहिले. आमच्या घरी कुरिअरवाला, भंगारवाल्याचा भोंगा आणि 'काकाजी, बॉल आला का तुमच्याकडे?' यांतलं काहीही न होता सलग २६ मिनिटं जाणं, हे खरोखर अंतराळातच शक्य आहे.

अर्ध्या तासावर झोप गेली की ती गाढ होते आणि उठल्यावर डोकं ठिकाणावर यायला वेळ लागतो, हेही त्यानेच सांगितलं. सांगायला नको होतं. एकदा असाच साडेपाचला उठलो, बाहेर मऊ उजेड होता, आणि मी हिला विचारलं, "दूध आलं का गं?"

"सकाळी आलं. दही लागलं. त्याचा मठ्ठा तुम्ही दुपारी प्यायले."

हिचं म्हणणं, दिवसा झोपल्याने कफ वाढतो आणि हिच्या माहेरी दिवसा कोणी झोपत नसे. सासरे दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटून 'विचार करत' बसायचे, हे मी पाहिलंय. त्यांचे विचार घोरत असत.

शेवटी प्रकरण भाच्यापुढे गेलं. तो बीएएमएस करतोय. त्याने चरकसंहिता काढली, सूत्रस्थान, अध्याय २१. ग्रीष्मात रात्री लहान असतात म्हणून दिवसा झोपायला हरकत नाही. मी हिच्याकडे पाहिलं. एरवी कोणाला मुभा, त्याचीही यादी होती. गायनाने, अध्ययनाने, मद्याने, ओझी वाहून, प्रवास करून थकलेले; अजीर्ण झालेले; म्हातारे, बालक, अशक्त; उचकी लागलेले; पडलेले, मार बसलेले; रात्री जागलेले; रागाने, शोकाने, भीतीने दमलेले. मी बोटं मोजत होतो. अजीर्ण पक्कं होतं, कूलरच्या पाईपाला ओझ्यात बसवता येत होतं. आणि शेवटी, मामाजी, दिवसा झोपायची सवय असलेले!

सवय असलेल्याला सवयीसाठी सूट! इतका समजूतदार कायदा नंतर कोणी केला नाही.

"पुढे वाच," ही म्हणाली.

पुढे होतं की मेदस्वी, रोज तूप-तेल खाणारे आणि कफप्रकृतीचे यांनी दिवसा झोपू नये, 'कदाचन'. म्हणजे कधीच नाही, मे महिन्यातसुद्धा नाही. हिने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग तुपाच्या बरणीकडे. मग भाच्याला विचारलं, "ते रागाने दमलेल्यांचं काय म्हणाला रे?" आणि उत्तराची वाट न पाहता कूलरच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली.

भाच्याला माझी दया आली असावी. पानं उलटून त्याने अपिलात एक ओळ शोधून दिली. बसल्या बसल्या घेतलेली डुलकी रूक्षही नसते आणि जडही नसते, म्हणजे तिला सर्वांना मोकळीक. सासरे चरक कोळून प्यायले होते तर!

तेव्हापासून माझी दुपार बाहेरच्या खोलीत खुर्चीवर जाते. मांडीवर पेपर, तो उलटा नाही याची खात्री करून. एवढंच सांगतो, खुर्ची हाताची घ्या. बिनहाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत डुलकी लागली की माणूस 'पडलेले, मार बसलेले' या कलमात जातो. तिथे आडवं झोपायची मुभा आहे, पण कडी आतून लागलेली असते.