त्या जाड पिनेला हात लावू नका

"मराठवाड्यातल्या माणसानं वॉशिंग मशीन घ्यायच्या आधी हे वाचाच" असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तीन ग्रुपवर आला, तिन्ही वेळा सोडून दिला, कोण नादी लागतंय म्हणून. पण रविवारी लातूरला मावशीकडं गेले तर मोरीशेजारी नवी कोरी मशीन, काकांच्या हातात पक्कड, अन् प्लगची वरची जाड पिन तोडून खिडकीत ठेवलेली. काका म्हणाले, "अगं, बिल निम्मं येतंय म्हणे." मग बसलेच लिहायला.

मेसेजमध्ये आहे काय? फ्रंट लोड (समोरून कपडे घालायची) आपल्याकडच्या पाण्यावर चालतच नाही अन् वीजही खाते, ५ स्टार म्हणजे सगळ्या मशीन सारख्याच, स्वस्तातली घ्या, इन्व्हर्टरवाली घेतली तर लाईट गेल्यावरही चालते, मोठ्यात मोठी घ्या म्हणजे पाणी वाचतं, आणि शेवटी हा पिनेचा उपाय.

आधी पिनेचंच बोलू. मेसेज म्हणतो की ती अर्थिंगची पिन, तिच्यातून करंट जमिनीत झिरपत राहतो अन् मीटर पळतं. अहो, धड मशीनमध्ये अर्थिंगच्या तारेतून करंट जवळपास जातच नाही, तो फेजनं येतो, न्यूट्रलनं परत जातो, मीटर तेवढंच मोजतं. ती तार बसवलीय वाईट दिवसासाठी. हीटरचं आवरण चिरलं, उंदरानं आतली वायर कुरतडली, की करंट पत्र्यावर येतो, अर्थिंग असेल तर तो तिकडून जमिनीत पळतो अन् फ्यूज उडतो, आपल्याला कळतं काहीतरी बिघडलंय. अर्थिंगच नसेल तर मशीन मुकाट चालत राहते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या बाईनं झाकणाला हात लावला की करंटला जमिनीत जायची वाट तिच्या अंगातून. ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब असते तीही उगाच नाही, प्लग घालताना अर्थिंग आधी जुळावं अन् काढताना शेवटी सुटावं म्हणून.

मी बॉडीला टेस्टर लावला, दिवा लागला. मशीन नवी होती, बिघाड नव्हता, आत विजेतली खरखर गाळणारा जो फिल्टर असतो त्याच्यामुळं पत्र्यावर थोडा करंट येतोच आणि एरवी तो अर्थिंगनं निघून जातो. मावशी शांतपणे म्हणते, "व्हय गं, चार दिवसांपासून बोटाला झिणझिण्या येतात, मला वाटलं शुगर वाढली." यावर काय बोलायचं सांगा.

आणि समजा तुमच्याकडं अर्थिंगमधून खरंच इतका करंट जातोय की बिल वाढलं, तर मशीनमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये गळती आहे, ती शोधायची का पिन तोडायची? उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मग अर्थिंग नीट लागत नाही, त्यात मीठ-कोळसा घालून वरून बादलीभर पाणी ओतणारे जुने लोक येडे नव्हते. वर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या, साधा एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) माणसाला बसणारा शॉक ओळखत नाही.

इन्व्हर्टरचं तर हसूच आलं. इन्व्हर्टर मोटार म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करायची सोय, त्यानं वीज कमी लागते, आवाज कमी होतो, बस. तिच्यात बॅटरी नसते बाप्पा. लाईट गेली की तीही बंद अन् कपडे आत भिजत.

आता स्टारचं. ते लेबल ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणजे बीईईचं, आणि त्यात सेमी ऑटोमॅटिक, टॉप लोड (वरून कपडे घालायची), फ्रंट लोड यांचे निकष वेगवेगळे आहेत. म्हणजे ५ स्टार टॉप लोड ही टॉप लोडमध्ये चांगली, ५ स्टार फ्रंट लोडशी तिची बरोबरी लावायची नाही. नुसते स्टार मोजू नका, खाली एक किलो कपड्यांना एका सायकलला किती युनिट तो आकडा असतो तो वाचा, अन् पाणी किती लागतं ते लेबलवर नाहीतर पुस्तिकेत बघा. दुकानदार हे दाखवत नाही, तो एक्स्चेंज ऑफर दाखवतो.

फ्रंट लोड वीज खाते हे अर्धं खरं आहे, मान्य. पण खातो तो हीटर. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, मोटारीचा खर्च त्यापुढं किरकोळ. रोजचे कपडे थंड पाण्यावर लावा, तो प्रश्न मिटला. बोअरचं पाणी जड, हीटरवर क्षार बसतात, हेही खरं, पण ते गिझरवर बसत नाहीत का? अधूनमधून लिंबूसत्व टाकून रिकामी सायकल फिरवायची. प्रेशरचं म्हणाल तर १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो, म्हणजे गच्चीवरची टाकी अन् तळमजल्यावरची मशीन बहुतेक जमतं, टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर अडचण येऊ शकते.

आणि पाणी? टॉप लोडला एका धुण्याला शंभर-सव्वाशे लिटर सहज जातं, फ्रंट लोडला साधारण निम्मं. आठवड्याला चार धुणी, दर वेळी ६० लिटर वाचले तरी वर्षाचे १२ हजारांवर लिटर होतात, म्हणजे ५ हजारी टँकर अडीच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली तेव्हा १० टाक्यांत मिळून ५ लाख लिटर होतं, त्याच गावात बसून लोक फ्रंट लोड नको म्हणणारा मेसेज पुढं ढकलतात याची कमाल वाटते.

हां, नळ आठवड्याला एकदा येत असेल, बादलीनंच भरायचं असेल, तर सेमी ऑटोमॅटिक वाईट नाही. साबणाचं पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येतं, फक्त खळबळताना नळी चालू सोडून फोनवर बसू नका. मोठी मशीन ड्रम पूर्ण भरत असेल तरच परवडते, दोघं जण अन् १० किलोची मशीन, कामून?

काकांना संध्याकाळीच नवा थ्री पिन टॉप आणून बसवायला लावला, टेस्टर परत लावला, दिवा लागला नाही. मग त्यांनी तो मेसेज ज्या अकरा जणांना पाठवला त्यांची नावं लिहून घेतली. आतापर्यंत सहा फोन झालेत. त्यातले एक म्हणाले, "मी फ्रिजची पण काढली ना."