रिकॉल नावाचं मृगजळ

कंपनीचा मेल सांभाळणं हे आमचं काम. लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर हॅकरशी झुंजत असतो. आम्ही झुंजतो ते ऑटोकम्प्लीटशी. ‘टू’च्या रकान्यात ‘संदी’ लिहावं, तर अकाउंट्सचा संदीप बाजूला राहतो आणि दोन वर्षांपूर्वी कोटेशन पाठवलेला दुसऱ्याच कंपनीतला संदीप येऊन बसतो. पगाराचा तक्ता त्याच्याकडे रवाना.

मग फोन येतो, ‘रिकॉल करा ना!’ आउटलुकचं रिकॉल, म्हणजे पाठवलेला मेल परत घेणं, आपल्याच कंपनीच्या मेलबॉक्सपुरतं चालतं. बाहेरच्या माणसाला गेलीच तर जाते ती फक्त ‘अमुक यांना हा मेल परत घ्यायचा आहे’ अशी सूचना. म्हणजे जो तो मेल उघडणारही नव्हता, तो आता चहा घेऊन वाचायला बसतो. त्यापेक्षा प्रत्येक मेल दोन मिनिटं आउटबॉक्समध्ये अडकवून ठेवणारा नियम लावा. माणसाला आपली चूक सेंड दाबल्यावर पाचव्या सेकंदाला दिसते, आधी कधीच नाही.

आता तोतये. १९८२ साली एसएमटीपी, म्हणजे मेल पोचवायचा नियम, ठरला तेव्हा पाठवणारा कोण, हे तपासायची सोयच ठेवली नाही. पाकिटावर कुणाचंही नाव लिहा, पोस्टमन विचारत नाही. त्यावर उतारा एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, तो हुकूम). एसपीएफमध्ये दहाच डीएनएस लुकअपची, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीत दहाच वेळा डोकावायची, मुभा. मार्केटिंगवाल्यांनी गुपचूप आणखी एक सेवा जोडली आणि अकरावा लुकअप लागला की अख्खी तपासणी बाद. आणि डीमार्क ‘नन’वर (none, काहीच करू नका) ठेवणं म्हणजे चोराचं नाव वहीत टिपून त्याला आत सोडणारा वॉचमन. सुरुवातीचे काही आठवडे ठीक; रिपोर्ट वाचायचे, आपले सर्व्हर ओळखायचे, मग ‘क्वारंटाइन’ (संशयित मेल बाजूला), मग ‘रिजेक्ट’ (दारातूनच परत). बरेच जण वहीवरच खूश असतात.

खातं फुटलं की पासवर्ड बदलतात आणि हुश्श करतात. चोराने मात्र आत असतानाच फॉरवर्डिंगचा नियम लावलेला असतो: ‘इन्व्हॉइस’ शब्द दिसला की प्रत बाहेर, मूळ मेल आउटलुकमधल्या ‘आरएसएस फीड्स’ या बातम्यांच्या फोल्डरमध्ये, जिथे कुणी फिरकत नाही. पासवर्ड बदलून तो नियम हलत नाही. नियम स्वतः उघडून बघा, चालू सेशन तोडा (म्हणजे सगळीकडून लॉगआउट), एखाद्या अ‍ॅपसाठी दिलेले वेगळे पासवर्ड काढा. बाहेरचं ऑटो-फॉरवर्ड तर सगळ्यांसाठीच बंद करा. आरडाओरडा होईल, होऊ द्या.

राहिले अति काळजी घेणारे. ते झिप फाइलला पासवर्ड लावतात आणि तो पुढच्याच मेलने त्याच पत्त्यावर पाठवतात. विषय: ‘पासवर्ड’. खाली सहा ओळींची तळटीप: मेल चुकून मिळाल्यास वाचू नये.