‘औषध लावूनही पिसवा दिसतात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी तुमची प्रतिक्रिया नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पिसवा आणि गोचिडींवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख औषधांची जाहिरात वाटतो. मुक्या जिवांवर दर महिन्याला विष ओतायला मी सांगते. माझं ऐकून तुम्ही मांजरीच्या मानेवर थेंब टाकले, तरी तीन आठवड्यांनी घरात पिसवा उड्या मारतायत, म्हणजे औषध कुचकामी. म्हणून आता मांजरीला टी ट्री तेल, कुत्र्याच्या जेवणात लसूण आणि दोघांना दर आठवड्याला आंघोळ. आणि गोचीड दिसली तर पेटती काडी टेकवायची, ती आपोआप गळून पडते.

बाकीचं सावकाश वाचा, पण एक गोष्ट आत्ता करा. टी ट्री तेल आणि लसूण दोन्ही आजच बंद करा. मांजरीच्या अंगावर तेल असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण घेऊन ते धुऊन काढा, नीट पुसा आणि तिला उबेत ठेवा. ती झोकांड्या खात असेल, थरथरत असेल, तिच्या तोंडातून लाळ गळत असेल किंवा ती उठतच नसेल, तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मांजराचं यकृत आपल्यासारखं किंवा कुत्र्यासारखं काम करत नाही. काही पदार्थांना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर टाकायची जी यंत्रणा असते, ती मांजरात फार तोकडी आहे. टी ट्री तेलातली टर्पीनं नावाची संयुगं कातडीतून आत जातात, शिवाय मांजर दिवसभर अंग चाटत असल्यामुळे पोटातही जातात आणि साचतात. अशुद्ध तेल घेतलं असेल म्हणून बाधलं, असं नसतं. शुद्ध तेल तर जास्तच बाधतं. कुत्र्यांनाही त्याने विषबाधा होते. लसणाचं वेगळं आहे. त्यातली गंधकाची संयुगं रक्तातल्या लाल पेशी फोडतात आणि ते लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते. पिसवांना मात्र लसणाचं काही वाटत नाही.

‘नैसर्गिक ते निर्धोक’ या समजुतीवर माझा राग आहे, पण ‘औषध म्हणजे निर्धोक’ यावरही तेवढाच आहे, आणि इथे तुमच्या टीकेत मला तथ्य दिसतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून पायरेथ्रम नावाचं कीटकनाशक मिळतं. पूर्ण नैसर्गिक. त्याच्याच धर्तीवर इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेत मायकेल एलियट यांच्या गटाने 1973 मध्ये परमेथ्रिन तयार केलं. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांमध्ये आज ते असतं आणि कुत्र्यांना ते सहसा मानवतं. मांजरीला तेच थेंब टाकले तर काही तासांत कंप, झटके, आणि उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या कुत्र्याच्या मानेवर मी परमेथ्रिनचे थेंब टाकले आणि झोपायला गेले. माझी मांजर रोजच्यासारखी त्याच्या मानेला टेकून झोपली. मध्यरात्री स्वयंपाकघरात खडखड ऐकू आली म्हणून उठले, तर ती पाण्याच्या वाटीशी उभी होती. कान सारखे फडफडत होते, मागचे पाय फरशीवर थडथडत होते, आणि वाटीला धक्का लागून आवाज येत होता. हात लावला तर कातडीखाली स्नायू उड्या मारत होते. डॉक्टरांनी तिला साबणाने धुतलं, झटके थांबवणारी औषधं दिली, दोन दिवस ठेवून घेतलं. ती वाचली. खोक्यावर मांजराचं चित्र आणि त्यावर फुली होती. मी ती पाहिली होती आणि ‘मांजरीला टाकायचं नाही’ एवढाच अर्थ घेतला होता. थेंब पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्या कुत्र्याजवळही जाता कामा नये, हे मला सुचलं नव्हतं.

आणि तरी माझ्या मूळ लेखात ही सूचना नव्हती. कुत्रा आणि मांजर एकत्र असलेल्या घरांसाठी ती पहिल्याच परिच्छेदात हवी होती. आज ती घातली आहे. पिसवांच्या बऱ्याच थेंबांत असणारं फिप्रोनिल हे कीटकनाशक सशांना चालत नाही, हेही घातलं आहे. कुत्र्याचा मोठा डोस अर्धा करून मांजरीला वापरणं हा काटकसरीचा मार्ग नाही, हे तर ठळक अक्षरांत.

आता तुमचा सगळ्यात रास्त प्रश्न: औषध लावलं, मग पिसवा कुठून येतायत?

तुमच्या प्रतिक्रियेतच त्याचं निम्मं उत्तर आहे. थेंब तुम्ही मांजरीला टाकलेत. रोज दोनदा बाहेर फिरून येणाऱ्या कुत्र्याला फक्त आंघोळ. मांजर घराबाहेर पाऊल टाकत नाही, पण पिसू कुत्र्यावर बसून दारातून आत येते. बहुतेक घरांत कुत्र्यावरही जी पिसू सापडते ती मांजराची पिसूच असते, टेनोसेफॅलिडीस फेलिस. तिला दोघांचं रक्त सारखंच.

उरलेलं निम्मं उत्तर तुमच्या गालिच्यात आहे. पिसू अंगावर चढली, रक्त प्यायली की दिवस-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, आणि एक मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालू शकते. कुत्र्यावर दहा माद्या असतील तर रोज चारशे. ही अंडी चिकट नसतात. मिठाच्या दाण्यांसारखी घरंगळतात आणि जनावर जिथे जिथे लोळतं तिथे तिथे पडतात. अळी बाहेर पडते ती उजेड टाळत गालिच्याच्या मुळाशी, सोफ्याच्या शिवणीत, फरशीच्या फटीत शिरते. तिचं खाणं म्हणजे मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा, म्हणजे जवळजवळ वाळलेलं रक्तच. मग ती रेशमी कोष विणते. कोष ओलसर चिकट असतो, त्यावर आजूबाजूची धूळ आणि तंतू बसतात, आणि तो शोधूनही दिसत नाही. त्यात औषध शिरत नाही, फवारासुद्धा नाही. उबदार घरात अंड्यापासून पिसू व्हायला तीन-चार आठवडे लागतात, पण कोषातली पिसू घाई करत नाही. आजूबाजूला कोणी नसेल तर ती महिनोन्महिने आत थांबते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, एवढं जाणवलं की क्षणात बाहेर. बरेच दिवस बंद असलेल्या घरात पाय ठेवताच पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके उडताना मी पाहिले आहेत. त्या घरात तेव्हा एकही जनावर नव्हतं.

म्हणजे तुम्हाला आज दिसणाऱ्या पिसवांपैकी बऱ्याचशा थेंब टाकण्याआधीच घातलेल्या अंड्यांतून आलेल्या असणार. अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या साधारण पाच टक्केच असतात. बाकी सगळं अंडी, अळ्या आणि कोष. थेंबांनी मांजरीवर चढलेल्या मारल्या. पण कोषातून रोज नव्या निघतायत, आणि कुत्र्यावर त्यांना विनासायास जेवण मिळतंय. औषधावर खापर फोडण्याआधी हे दार बंद करायला हवं. घरातल्या प्रत्येक केसाळ प्राण्याला, त्याच्या जातीचं आणि वजनाचं औषध, एकाच वेळी, आणि निदान तीन महिने खंड न पाडता. दुसऱ्या महिन्यात पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणून लोक थांबतात, आणि तिसऱ्या महिन्यात उशिरा निघालेले कोष सगळं पुन्हा सुरू करतात. माझ्याकडे सर्वांत जास्त तक्रारी याच टप्प्यावरच्या येतात.

सोबत व्हॅक्यूम क्लीनर. रोज जमलं तर रोज, नाहीतर एक दिवसाआड; सोफ्याच्या गाद्या उचलून, पलंगाखाली, भिंतीच्या कडेने. अंडी आणि काही अळ्या तर निघतातच, पण त्या हादऱ्याने कोषही फुटतात आणि बाहेर आलेली पिसू औषध लावलेल्या अंगावर चढून मरते. म्हणून साफसफाईनंतर पहिले काही दिवस पिसवा वाढल्यासारख्या वाटतात. ते चांगलं लक्षण आहे. पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. अंथरुणं साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. घर फारच भरलं असेल तर मिथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेला फवारा मिळतो. तो अंडी-अळ्यांची वाढच थांबवतो.

आंघोळीबद्दल: त्या दिवशी अंगावर असलेल्या पिसवा जातात, दुसऱ्या दिवशी नव्या चढतात. शिवाय बरेचसे थेंब कातडीच्या तेलात पसरून काम करतात, त्यामुळे थेंबांच्या आधी-नंतर साधारण दोन दिवस आंघोळ नको. नेमकं किती ते खोक्यावर असतं.

गोचिडीची काडी मात्र कृपा करून विझवा. गोचीड कातडीत तोंड रोवून, सिमेंटसारखा चिकट द्रव सोडून बसते. भाजली, तेलात गुदमरली किंवा बोटांनी चेंगरली, तर तिची लाळ आणि पोटातला ऐवज जखमेत जायची भीती असते, आणि कुत्र्याची कातडी भाजते ती वेगळीच. बारीक टोकाचा चिमटा घ्या, केस बाजूला करून अगदी कातडीलगत तिचं तोंड पकडा, पोट नाही, आणि हिसका न देता सरळ वर ओढा. अर्धा मिनिट लागलं तरी चालेल. मग ती स्पिरिटच्या बाटलीत टाका, जखम पुसा, हात धुवा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, काखेत, शेपटीखाली बघा. नुसता पाठीवरून हात फिरवून भागत नाही.

पिसवांच्या उपद्रवात खाज, ॲलर्जी आणि टेपवर्म येतात, ते त्रासदायक आहेत. गोचीड जीव घेऊ शकते. कुत्र्यांची तपकिरी गोचीड आपलं सगळं आयुष्य घरातच काढू शकते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून उतरते, भिंतीवर चढून एखाद्या चौकटीच्या फटीत काही हजार अंडी घालते आणि मरते. हीच गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे रोगजंतू कुत्र्याच्या रक्तात सोडते. एर्लिकियाने प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, घसरतात. ताप, सुस्ती, अन्नावरची वासना जाणं, पोटावर जांभळे ठिपके, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. औषधं आहेत आणि वेळेवर दिली तर कुत्रे बरे होतात. संसर्ग काही तासांत होऊ शकतो, त्यामुळे ‘रविवारी बघू’ हे इथे चालत नाही. आणि अंगावर मेलेली गोचीड सापडली तर औषध फसलं असं नाही. पोटात द्यायच्या गोळ्यांनी गोचीड बहुधा चावल्यावरच मरते.

जाहिरातीबद्दल एवढंच सांगते की मी कोणाकडूनही पैसे किंवा नमुने घेत नाही, आणि लेखात एकाही उत्पादनाचं नाव नाही, फक्त घटकांची आहेत. ‘दर महिन्याला विष’ हा आक्षेप मात्र मी मनावर घेतला आहे. ब्रिटनमधल्या नद्यांच्या पाण्यात फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही पिसवांच्या थेंबांतली कीटकनाशकं सापडली आहेत, आणि पाण्यातल्या किड्यांना दोन्ही अत्यंत घातक आहेत. पिसवा-गोचिडींवरच्या आयसोक्झॅझोलिन गटातल्या गोळ्यांमुळे काही प्राण्यांना कंप आणि झटके येतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये दिला. तुमच्या कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा, म्हणजे ते दुसरं औषध निवडतील. माझ्या लेखात ‘सगळ्यांनी वर्षभर’ असं वाक्य होतं. ते काढलं. कधीच बाहेर न जाणारं एकटं मांजर आणि रोज झुडपांत शिरणारा कुत्रा यांना एकाच मापाने मोजणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. थेंब टाकल्यावर कुत्र्याला काही दिवस ओढ्या-तळ्यात पोहू देऊ नका आणि रिकामी नळी सिंकमध्ये धुऊ नका, या दोन ओळी तुमच्यामुळे लेखात आल्या आहेत.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर तुम्हाला आत्ता तीन महिने औषध लागेल, दोघांनाही. पुढचं डॉक्टरांबरोबर ठरवा. त्यांच्याकडे जाताना दोघांचं वजन नेमकं करून न्या. मांजर काट्यावर थांबत नाही. तिला उचलून उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा आणि वजाबाकी करा.

आणि आज संध्याकाळी पिसवांची बारीक फणी कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी फिरवा. फणीत आलेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका आणि मिनिटभर थांबा. माती असेल तर काळीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरेल. मग मांजरीचंही तसंच करा. दोघांचे काय डाग आले ते इथेच खाली लिहा, मी वाट बघते.