फळीवरचं चित्र कुणालाच दिसलं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला सात जणांनी पाठवला. त्यातले दोघे माझ्या रुग्णांचे नातेवाईक. मथळा असा: ‘आत्मा आहे, विज्ञानानं अखेर मान्य केलं.’ खाली दावे. मरताना माणसाचं वजन २१ ग्रॅमनं घटतं. नेदरलँड्समधल्या ३४४ रुग्णांच्या अभ्यासात मेंदू बंद असतानाही जाणीव चालू राहते हे सिद्ध झालं. हृदय थांबलेल्या रुग्णांनी छताजवळ तरंगत स्वतःवरचे उपचार पाहिले. जगात सगळ्यांना तोच बोगदा आणि तोच प्रकाश दिसतो. तुकोबांनी हे कधीच सांगून ठेवलंय. आणि शेवटची ओळ: ‘न्यायला आलेली माणसं दिसू लागली की औषधं थांबवा, आत्म्याची वाट अडवू नका.’

या शेवटच्या ओळीसाठी मी लिहायला बसले आहे. मी परिचारिका आहे. कॅन्सरच्या किंवा म्हातारपणाच्या शेवटच्या टप्प्यात घरीच असलेल्या माणसांकडे मी बारा वर्षं जाते आहे. त्यांना काय काय दिसतं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय आणि त्यातला एकही माणूस खोटं बोलत होता असं मला कधी वाटलं नाही. माझा वाद त्यांच्याशी नाही. त्यांच्या अनुभवाला ‘पुरावा’ म्हणून दावणीला बांधणाऱ्या या मजकुराशी आहे.

२१ ग्रॅमपासून सुरुवात करू. हा आकडा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेवरहिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरचा. त्यानं मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवली आणि निष्कर्ष १९०७ साली छापले. रुग्ण किती? सहा. त्यातल्या दोघांची मोजमापं त्यानं स्वतःच बाद धरली. उरले चार. त्यातल्या एकाचं वजन मृत्यूच्या क्षणी पाऊण औंस घटलं, म्हणजे २१ ग्रॅम. दोघांचं घटलं आणि काही मिनिटांनी आणखी घटलं. एकाचं घटून परत वाढलं. थोडक्यात, एका माणसाचा आकडा आज साऱ्या मानवजातीचा म्हणून फिरतोय. मॅकडूगलनं पुढे १५ कुत्र्यांवर हाच प्रयोग केला. त्यांचं वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्याला आत्मा नसतो असं त्यानं ठरवलं. मजकुरात हा भाग गाळलाय. जीव मुंगीतही तोच आणि हत्तीतही तोच, असं ऐकत आपण मोठे झालो. शस्त्रं ज्याला तोडत नाहीत, अग्नी ज्याला जाळत नाही, अशा आत्म्यावर श्रद्धा असणाऱ्याला त्याचं वजन तराजूवर दाखवून काय मिळणार? श्रद्धेच्या बाजूनं पाहिलं तरी हा दावा टिकत नाही.

नेदरलँड्सचा अभ्यास मात्र खरा आहे आणि चांगलाही आहे. पिम व्हान लोमेल आणि सहकाऱ्यांनी तो २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दहा रुग्णालयांत हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांना त्यांनी काय आठवतंय ते विचारलं. ६२ जणांनी काही ना काही अनुभव सांगितला. उरलेल्या २८२ जणांना काहीच आठवत नव्हतं. मजकुरात ३४४ आहे, ६२ नाही. लोमेल यांचा स्वतःचा कल जाणीव मेंदूपलीकडची असावी याकडे आहे हेही सांगायला हवं. पण अनुभव येत असताना त्या रुग्णांचा मेंदू काय करत होता हे या अभ्यासात मोजलेलंच नव्हतं. आठवण नेमकी कधी तयार झाली? शुद्ध हरपताना, शुद्धीवर येताना, की मधल्या काळात? रुग्णाला ते सांगता येत नाही. पहाटे गजर होताना पडलेलं स्वप्न आपल्याला रात्रभर चाललं होतं असं वाटतं, तसंच हे.

‘हृदय थांबलं म्हणजे माणूस मेला आणि तो परत आला’ ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. हृदय थांबल्यावर काही सेकंदांत शुद्ध जाते, पण मेंदूच्या पेशी त्याच क्षणी मरत नाहीत. छाती दाबून थोडं का होईना रक्त वर पोचवलं जातं, ते त्यासाठीच. मेंदूमृत्यू ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार तो ठरवताना चार डॉक्टरांचं मंडळ तपासणी करतं आणि किमान सहा तासांनी ती पुन्हा करतं. हे अनुभव सांगणारी माणसं त्या अवस्थेला गेलेलीच नव्हती. ती मरणाच्या उंबरठ्यावरून परतली.

आता छताजवळ तरंगण्याचा मुद्दा. याची परीक्षा ज्या डॉक्टरनं घेतली, त्या सॅम पार्निया यांचं नाव हा मजकूर मोठ्या अभिमानानं घेतो. त्यांनी काय केलं ते पाहा. रुग्णालयांत भिंतींवर उंच फळ्या बसवल्या आणि त्यांवर चित्रं अशी ठेवली की फक्त छताकडून खाली पाहणाऱ्यालाच दिसावीत. इतकी साधी, इतकी प्रामाणिक कसोटी. २०१४ साली निष्कर्ष आले. १५ रुग्णालयांत २०६० वेळा हृदय थांबल्याच्या घटना, त्यातून वाचलेल्यांपैकी १४० जणांशी बोलणं झालं. आपल्यावर उपचार होताना पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट सांगणारे दोघे. त्यातल्या एकाचं वर्णन खोलीत घडलेल्या गोष्टींशी जुळलं, पण त्याचं हृदय थांबलं त्या खोलीत फळीच नव्हती. २०२३ साली दुसरी फेरी जाहीर झाली. या वेळी रुग्णाच्या डोक्याजवळ पडद्यावर चित्रं आणि कानाशी फळांची नावं. ५६७ रुग्ण, वाचले ५३, बोलता आले २८ जणांशी. चित्र कुणालाच सांगता आलं नाही. फळांची नावं एकाला सांगता आली.

त्या एकाचा विचार मी बराच केला. कान शेवटपर्यंत जागे असतात असं आम्ही नातेवाइकांना सांगतो, ‘उशाशी बसून भांडू नका’ असंही सांगतो. याच अभ्यासात छाती दाबणं चालू असताना काही रुग्णांच्या मेंदूत अर्धा-पाऊण तासानंतरही जाणिवेशी जुळणाऱ्या लहरी अधूनमधून दिसल्या. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात कृत्रिम श्वास काढल्यावर मृत्यू पावलेल्या चार रुग्णांच्या मेंदूची नोंद तपासली, तेव्हा दोघांत शेवटच्या मिनिटांत वेगवान लहरींचा जोर वाढलेला सापडला. माणसं चारच, आणि त्यांना काय दिसलं ते विचारायला कुणी उरलं नाही, त्यामुळे यावरून फार मोठं काही म्हणता येत नाही. पण मजकूर म्हणतो ‘मेंदू पूर्ण बंद होता’, आणि नोंदी दिसतात त्या उलट.

‘सगळ्यांना सारखंच दिसतं’ हे तर आपल्या आजीला विचारलं तरी खोटं ठरेल. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरीचा आणि अमेरिकेतले इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातले असे १६ अनुभव प्रसिद्ध केले. त्यात दूत येतात, माणसाला ओढत नेतात, तिथे कुणीतरी वही उघडून बसलेला असतो, नाव पाहतो आणि म्हणतो, हा नव्हे, दुसरा आणायचा होता. चुकीचा माणूस आणला म्हणून परत पाठवणी. ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांत किती घरांत सांगितली जाते! अमेरिकी अनुभवांत वही नसते. तिथे आधी गेलेली आई किंवा भाऊ भेटतो आणि म्हणतो, तुझी वेळ झालेली नाही, मागे फिर. आणि ज्या बोगद्याचा एवढा गवगवा, तो आपल्याकडच्या कथनांत क्वचितच सापडतो. लढाऊ वैमानिकांना गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवून सराव देतात. डोक्यातलं रक्त उतरलं की त्यांनाही कडेनं अंधार आणि मध्ये उजेड असं दिसतं, शुद्ध गेली तर छोटी स्वप्नंही पडतात. म्हणजे शरीर जे देतं ते बऱ्याच अंशी सारखं असावं, त्याला नाव आणि चेहरा माणूस आपल्या घरातून देतो.

तुकोबांबद्दल थोडक्यातच. ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ एवढी ओळ मजकुरात आहे. पुढे त्याच अभंगात ते सांगतात की मी अहंकारामुळे एका जागी अडकलो होतो, तो टाकला आणि सुकाळ झाला. ते मरण अहंकाराचं आहे, जिवंतपणीचं आहे. तो अभंग अतिदक्षता विभागातली केस म्हणून वापरताना हात कसा थरथरला नाही?

आता ती शेवटची ओळ.

मागच्या पावसाळ्यात एका घरून रात्री फोन आला. आजोबा ओरडतायत, दारात दोन काळे उभे आहेत म्हणतात, पाय ओढतात म्हणतात. मी पोचले तेव्हा आजी पायाशी बसून विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या आणि थोरल्या मुलानं आदल्या संध्याकाळपासून गोळ्या बंद केल्या होत्या. आता न्यायला आलेत, उगाच कशाला, असं तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, वडिलांचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही नव्हतं. मी चादर बाजूला करून ओटीपोटावर हात ठेवला. भोपळ्यासारखं टणक. सकाळपासून लघवी झाली नव्हती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांशी फोनवर बोलून नळी घातली, पिशवीत लिटरभर लघवी आली. बंद केलेल्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तासाभरानं आजोबांनी नातवाला विचारलं, ‘गेले का रे ते?’ नातू म्हणाला, गेले. मग ते झोपले. पुढे चार दिवसांनी ते गेले, शांतपणे.

जुन्या बायका याला ‘वात झाला’ म्हणायच्या. आम्ही भ्रम म्हणतो. लघवी तुंबणं, कोठा साफ नसणं, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, न थांबवलेली वेदना, यातलं काहीही त्यामागे असू शकतं आणि बरंचसं घरच्या घरी हलकं करता येतं. कधी औषधामुळेही भ्रम होतो. तेव्हा डॉक्टर डोस बदलतात. मॉर्फीन हे तीव्र वेदनेवरचं औषध एकदम तोडलं तर दुखणं दुपटीनं उसळतं, शरीर तडफडतं. नीट मापात दिलेल्या मॉर्फीननं मरण लवकर येत नाही. ते मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदा बदलायला लागला. एवढ्या खटपटीनं घरापर्यंत आलेली गोळी एका फिरत्या मजकुरामुळे डब्यात पडून राहते, याचा मला संताप येतो.

आणि सगळंच दिसणं भ्रम नसतं, हेही तितकंच खरं. अमेरिकेतल्या बफेलोच्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्रात, ख्रिस्तोफर कर आणि सहकाऱ्यांनी ५९ रुग्णांना रोज विचारलं, २०१४ साली त्यांनी ते छापलं. ८८ टक्के लोकांना स्वप्नं किंवा दर्शनं झाली होती, मरण जवळ येईल तशी आधी गेलेली माणसं जास्त येऊ लागली आणि त्यांच्या येण्यानं सर्वांत जास्त दिलासा मिळाला. हे मी पाहिलंय. अशा वेळी माणूस घाबरलेला नसतो, गोधडी चाचपत नसतो, आपल्याला ओळखतो, दुसऱ्या कुणाशी तरी बोलतो आणि परत आपल्याशी. तिथे काही थांबवायचं नसतं. ‘तिथे कुणी नाही गं’ असं म्हणून खोडायचंही नसतं.

एका आजींना त्यांची धाकटी बहीण दिसायची, चाळीस वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली. ‘शकू आलीय, तिला पाट दे,’ त्या लेकीला म्हणाल्या. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं फळीवरून पाट काढला, पदरानं पुसला आणि खाटेशेजारी मांडला. आजी त्या पाटाकडे बघून हसत होत्या. सहा वाजले होते. मी गोळी चमच्यात विरघळवली आणि थोडी थोडी त्यांच्या गालात सोडली.