दहा टक्के माफ?

पीएचडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘यूजीसीच्या नियमाने 10 टक्के कॉपी चालते. शब्द बदलले की संदर्भ नको, भाषांतराला तर मुळीच नको. शेवटी संदर्भसूची जोडली की झालं.’ मुंबई विद्यापीठात, कलिन्याला प्रबंध जमा करायला निघालेल्या एका विद्यार्थिनीने तो मला पाठवला. खाली प्रश्न: ‘सर, हे खरं ना?’

10 हा आकडा खरा, अर्थ खोटा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत दुसऱ्याच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच आहे. त्यापुढे 40 पर्यंत सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, 60 पर्यंत वर्षभर थांबायचं, त्याच्याही वर गेलात तर नोंदणी रद्द. आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीत धरतच नाहीत! म्हणजे ज्याने नाव सांगितलं, त्याला टक्क्यांचा हिशेब करायची गरजच कमी.

शब्द बदलले तरी मुद्दा ज्याचा त्याचाच राहतो. भाषांतराचंही तेच. इंग्रजी लेख मराठीत आणला की साम्य शोधणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा गप्प बसतं, हे कबूल. पण मौखिक परीक्षेला समोर सॉफ्टवेअर बसत नाही.

खरा घोळ संदर्भसूचीचा. सूचीवरून तुम्ही कुठली पुस्तकं चाळलीत ते कळतं, कुठलं वाक्य कुठल्या पानावरून आलं ते नाही. फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या. लेखन 1883 चं. प्रबंधात ‘फुले, 1883’ लिहून पुढे पान टाकतात ते कितीतरी नंतर निघालेल्या समग्र वाङ्मयाच्या आवृत्तीचं. पुष्कळदा तीही हातात घेतलेली नसते. कुणाच्या तरी लेखातून उतारा आणि पान, दोन्ही उचललेलं असतं. त्या लेखवाल्याने पान चुकवलं असेल तर ती चूकही आपल्या नावावर जमा. उतारा जिथे वाचला ते सांगा, ‘अमुक यांच्या लेखातून उद्धृत’ म्हणा. त्यात कमीपणा कसला? आणि जमलं तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन मूळ पान उघडा.

तिला एवढंच कळवलं, आणि तिसऱ्या प्रकरणाच्या तळटीपांमधली ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच पुस्तकात’) तपासायला सांगितली. मध्ये नवी तळटीप घुसली की खालचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. तासाभराने उत्तर आलं: ‘सर, सात ठिकाणी.’