क्यूबोन म्हणजे कांगास्खानचं पिल्लू? सोडा राव

पोकेमॉनमधली ही थिअरी काही मरत नाही. कवटी घालणारा छोटा पोकेमॉन क्यूबोन हा खरं तर पोटाच्या पिशवीत पिल्लू बाळगणाऱ्या कांगास्खानचं अनाथ पिल्लू, आई मेली, तिची कवटी त्याने डोक्यावर घातली, कवटी काढली की खाली पिशवीतल्या पिल्लाचाच चेहरा निघेल, आणि पुरावा काय तर म्हणे मिसिंगनो नावाचा गेममधला एक बिघाड. ऐकायला भारी वाटतं, डोळ्यांत पाणी पण येतं, पण एकेक मुद्दा धरून ओढला की सगळं सुटत जातं.

आधी चेहरा. रेड-ब्लू या पहिल्या गेमच्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या माहितीकोशात, स्पष्ट लिहिलंय की क्यूबोन कवटी कधीच काढत नाही त्यामुळे त्याचा खरा चेहरा कुणीच पाहिलेला नाही. बास, एवढंच. थिअरीवाले इथेच उडी मारतात, कुणी पाहिला नाही ना, मग आम्ही सांगतो तोच. अरे, माहीत नाही म्हणजे कांगास्खान असं कुठल्या गणितात बसतं?

मग 'कवटी हुबेहूब कांगास्खानच्या डोक्यासारखी आहे' हा मुद्दा. कांगास्खानची उंची 2.2 मीटर, वजन 80 किलो. क्यूबोन 0.4 मीटर आणि साडेसहा किलो. एवढ्या थोराड जनावराची कवटी या चिमुरड्याच्या डोक्यावर ठेवली तर ती खांद्यापर्यंत खाली येईल, बिचाऱ्याला समोरचं दिसणार पण नाही. क्यूबोन मोठा होऊन ज्यात बदलतो ती मॅरोवॅक मात्र 1 मीटरची. आता सांगा कुणाची कवटी जास्त बसते.

आणि मॅरोवॅकचं नाव मी उगाच घेत नाहीये, गेमने ही गोष्ट स्वतःच सांगितलीय, 1996 मध्येच! लॅव्हेंडर टाउनला एका घरात क्यूबोन आहे, तिथली मुलगी टीम रॉकेट या गुंडांच्या टोळीवर चिडलेली असते कारण त्यांच्या तावडीतून पळताना त्याची आई मारली गेली. मग पोकेमॉन टॉवरमध्ये वर चढताना एक भूत वाट अडवतं, आपले पोकेमॉन घाबरून हल्लाच करत नाहीत, भुताचं खरं रूप दाखवणारं सिल्फ स्कोप यंत्र आणल्यावर कळतं ते भूत कोण. मॅरोवॅक. लढाई झाली की कळतं की हा त्या क्यूबोनच्या आईचाच आत्मा होता, तो शांत होतो आणि जिना मोकळा. अख्ख्या गेममधला सगळ्यात हळवा प्रसंग आहे हा, आणि लोक तो खेळून येतात आणि वर विचारतात की क्यूबोनची आई कोण असेल बरं. कमाल आहे.

कांगास्खानचं पिल्लू वेगळं दिसतच नाही, म्हणजे ते गेममधून कापलं असणार, हा पुढचा. दिसतं की! पिशवीत बसलेलं असतं, तीन वर्षांचं होईपर्यंत क्वचितच बाहेर येतं असं पोकेडेक्सच सांगतो. 2013 च्या एक्स आणि वाय या गेममध्ये मेगा कांगास्खान (तिचं जास्त ताकदवान रूप) आली तेव्हा तर ते मोठं होऊन बाहेर येतं आणि आईच्या बरोबरीने मारामारी करतं, डोक्यावर कवटी-बिवटी काही नाही. आता अंड्यातून कांगास्खान निघते तीच पिशवीत पिल्लू घेऊन, हा विनोद आहे खरा, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मादी कांगास्खानच्या अंड्यातून कांगास्खानच निघते आणि मॅरोवॅकच्या अंड्यातून क्यूबोन, हे ब्रीडिंग केलेल्या कुणालाही माहितीये. हो, तो क्यूबोन कवटी घालूनच जन्मतो आणि आई तिकडे डे केअरमध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या पाळणाघरात, ठणठणीत असते, हे भोक आहेच. पण ते तुमच्या थिअरीनेही बुजत नाही ना.

राहिला मिसिंगनो, म्हणजे ज्याच्यावर सगळी इमारत उभीये. रेड-ब्लूत 'एम' नावाच्या ग्लिचला (बिघाडातून निघणाऱ्या पोकेमॉनला) लेव्हल वाढवणारी रेअर कँडी दिली की त्याची कांगास्खान होऊ शकते, हे खरंय. पण त्या गेममध्ये पोकेमॉनसाठी 190 जागा होत्या, 151 भरल्या, उरलेल्या 39 रिकाम्या राहिल्या, त्यांना मिसिंगनो म्हणतात. 'एम' तर त्या 39 मध्ये पण नाही, तो शून्य नंबरचा, म्हणजे यादी सुरू व्हायच्या आधीचा. त्याच्यासाठी डेटाच लिहिलेला नाही, मग गेम मेमरीतला जो कचरा हाती लागेल तो इव्हॉल्यूशन, म्हणजे पोकेमॉनचं पुढचं रूप, समजून वाचतो. आतल्या क्रमात कांगास्खानचा नंबर आहे 2. कचऱ्यात 2 सापडला, कांगास्खान झाली. यात कुणी कुणाचं पिल्लू लपवून ठेवलेलं नाही.

शेवटी हरले की म्हणतात, नाही हो, दुःखामुळे त्याची वाढच बदलली म्हणून तो मोठा होऊन मॅरोवॅक होतो. तर मून गेममधला पोकेडेक्स बघा, तिथे लिहिलंय की काहींच्या मते आईच्या मृत्यूचं दुःख पचवल्यावर तो इव्हॉल्व होतो. म्हणजे दुःख असेपर्यंत क्यूबोन, पचलं की मॅरोवॅक. तुमच्या हिशोबाने दुःख गेल्यावर तरी त्याची कांगास्खान व्हायला हवी होती ना?