पायलट आपलं ऐकतो, हीच तर भीती आहे

काल रात्री धाकट्या बहिणीने एक मेसेज पुढे ढकलला. 'विमान कंपन्यांपेक्षा खासगी जेट जास्त सुरक्षित : सहा कारणं.' खाली तिची एक ओळ : "दादा, बरोबर आहे ना हे? उद्या साहेबांना पाठवतेय."

ती एका कंपनीत संचालकांच्या प्रवासाचं बघते. चार्टर, म्हणजे भाड्याचं विमान, कुठलं घ्यायचं, किती वाजता निघायचं, सगळे फोन तिच्याच टेबलावरून जातात. हाच मेसेज मला पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आला. आधी दोनदा सोडून दिला होता. पण माझी अकरा वर्षं चार्टर विमानांच्या डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या आखणीत, गेलीत. घरातच हे पसरायला लागल्यावर गप्प कसा बसणार?

सोप्यापासून सुरू करतो.

"दोन इंजिनं असतात, एक बंद पडलं तरी विमान उडतं." उडतं. विमान कंपन्यांचंही उडतं. मग यात जास्त सुरक्षित ते काय? पुढे.

"विमानं नवी, यंत्रणा अद्ययावत." हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. धावपट्टी अपुरी पडणार असेल तर उतरतानाच ओरडून सांगणारी यंत्रणा, धुक्यातून पाहणारे कॅमेरे, हे चांगल्या बिझनेस जेटमध्ये असतं. आणि मोठ्या कंपन्यांची स्वतःची विमानं, पगारी वैमानिकांची पक्की जोडी, वर्षातून दोनदा सिम्युलेटर, असा जिथे कारभार आहे तिथलं काम खरंच वाखाणण्यासारखं असतं. पण चार्टरला आलेलं प्रत्येक विमान तसं नसतं. बाहेरचा रंग बघून ते कळतही नाही.

"लहान विमानतळ, गर्दी नाही, म्हणून धोका नाही." गर्दी नाही, तसंच पुष्कळदा लांब धावपट्टीही नाही, आणि हव्या त्या दिशेने उपकरणांच्या आधारे थेट उतरायची सोयही नाही. मग एका धावपट्टीच्या रोखाने खाली यायचं आणि कमी उंचीवर, डोळ्यांनी बघत वळून दुसरीवर उतरायचं. याला सर्कलिंग म्हणतात. १५ मे २०१७ रोजी न्यू जर्सीतल्या टेटरबरोला लिअरजेट ३५ए असंच वळताना स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल जाऊन, कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. २६ जुलै २०२१ रोजी कॅलिफोर्नियातल्या ट्रकीला चॅलेंजर ६०५, पुन्हा सर्कलिंग, पुन्हा स्टॉल, सहा जण. अमेरिकेत विमान कंपनीला आणि चार्टरला धावपट्टीच्या साठ टक्क्यांत थांबता येईल असं आधी कागदावर दाखवावं लागतं (काही चार्टरना थोडी सूट मिळते). मालक स्वतःच्या विमानातून स्वतःच्या कामाला निघाला तर तेवढीही अट नाही.

आता ज्या मुद्द्याने डोकं फिरलं तो : "विमान कंपन्यांसारखा चेकलिस्टचा जाच नाही. अनुभवी पायलटला सगळं तोंडपाठ असतं."

तोंडपाठ!

३१ मे २०१४. अमेरिकेतलं बेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स. रात्रीची वेळ, गल्फस्ट्रीम फोर जातीचं विमान, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे दोन अनुभवी वैमानिक. या विमानात गस्ट लॉक नावाचा प्रकार असतो. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीची आणि पंखांची हलती पाती आपटू नयेत म्हणून ती जखडून ठेवायची, त्याची लाल मुठीची दांडी कॉकपिटमध्येच, हाताशी. इंजिन सुरू करताना ती काढायची, हे चेकलिस्टमध्ये लिहिलेलं आहे. राहिलीच, तर टेकऑफपूर्वी योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, पुढे-मागे, डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून आणि पेडल दाबून बघायचं. लॉक असेल तर योक हलतच नाही, शंकेला जागा नाही. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्या रात्री दोन्ही झालं नाही. कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये चेकलिस्टचा उच्चारसुद्धा नाही. विमान धावपट्टीवर पळायला लागलं, वेग आला, नाक उचलेना. लॉक लागलंय हे बोललं गेलं, तेही पुन्हा पुन्हा. तरी ब्रेक लागेपर्यंत दहाएक सेकंद गेली. धावपट्टी संपली, कुंपण गेलं, विमान ओढ्याच्या घळीत जाऊन पेटलं. आतले सातही जण गेले.

एक रात्र, एक चूक, असं म्हणाल. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या अपघात तपास मंडळाने, विमानातल्या रेकॉर्डरची जुनी नोंद काढून बघितली. आधीच्या १७५ टेकऑफपैकी ही तपासणी पूर्ण केली होती दोनदा. दोनदा! उरलेल्या १७३ वेळा काही बिघडलं नाही, म्हणून ती करायची नसते हेच 'पाठ' झालं होतं. कोणी बघतच नव्हतं. आणि याच ऑपरेटरने, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीने, बिझनेस जेटसाठीचं ऐच्छिक सुरक्षा ऑडिटही पार केलेलं होतं. भिंतीवरच्या प्रमाणपत्राला कॉकपिटमधलं दिसत नाही.

हे दोघेच बेफिकीर होते का? मंडळाच्या सांगण्यावरून तिथल्या बिझनेस विमानांच्या संघटनेने, एनबीएएने, २०१३ ते २०१५ची ३७९ विमानांची १,४३,७५६ उड्डाणं तपासली. १५.६२ टक्के वेळा तपासणी अर्धवट, २.०३ टक्के वेळा धड झालीच नाही. म्हणजे साधारण दर सहा उड्डाणांत एक. बहुतेक विमान कंपन्यांत ही नोंद कोणीतरी उघडून बघत असतं, आणि पायलटला ते माहीत असतं. मेसेज ज्याला जाच म्हणतो तो हाच.

"अपघात होतात ते यंत्र फसल्यामुळे, ते काय कुठेही होईल." बेडफर्डमध्ये यंत्राचाही दोष होता, नाही म्हणत नाही. लॉक लागलेलं असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायची दांडी, फार पुढे जाता कामा नये अशी रचना हवी होती, दांडी मात्र जात होती. मंडळाने त्याबद्दल कारखान्याला आणि मंजुरी देणाऱ्यांनाही धारेवर धरलं. पण योक एकदा फिरवून बघितला असता तर तो दोष कोणाला कळलाही नसता.

राहिला शेवटचा, आणि बहिणीच्या टेबलाशी थेट संबंध असलेला : "पायलट आपलं ऐकतो, आपल्या वेळेने उडतो."

२९ मार्च २००१. कोलोरॅडोमधलं ॲस्पेन, चारी बाजूंनी डोंगर. चार्टरचं गल्फस्ट्रीम थ्री. प्रवाशांमुळे निघायलाच उशीर झालेला, आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने या विमानाला तिथे उतरायला बंदी. दुसरीकडे उतरावं लागेल असं कानावर गेल्यावर गिऱ्हाईक भडकलं होतं. शेवटच्या टप्प्यात एक प्रवासी कॉकपिटमधल्या जादाच्या सीटवर बसलेला. बर्फ पडत होता, धावपट्टी नीट दिसत नव्हती, तरी विमान खाली येत राहिलं. अठरा जण गेले. मंडळाच्या अहवालात कारणांमध्ये गिऱ्हाइकाचा दबाव स्पष्ट नोंदवलेला आहे.

दबाव म्हणजे कोणी पिस्तूल लावत नाही. मला आलेला एक फोन सांगतो. पहाटेची वेळ, जिथे जायचं तिथे धुकं, दृश्यमानता मर्यादेच्या खाली, कॅप्टनने दोन तास थांबायचं ठरवलेलं. पलीकडून सेक्रेटरीचा अगदी गोड आवाज : "साहेब गाडीत बसलेत. कॅप्टनना एवढंच विचारा, मागच्या वेळचे कॅप्टन तर गेले होते ना?" मी तो प्रश्न कॅप्टनपर्यंत पोचवला. पोचवायला नको होता. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुन्हा चहा घेतला. ते खमके निघाले. त्यांच्या जागी आठ महिन्यांपूर्वी लागलेला, घरचे हप्ते चालू असलेला कोणी असता तर?

अमेरिकेने २०२४ मध्ये सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे धोके आधीच हेरून आवरायची लेखी पद्धत, चार्टरवाल्यांनाही सक्तीची केली, मुदत २८ मे २०२७. मालकाची स्वतःची विमानं त्यातही नाहीत.

हे सगळं रात्री साडेअकराला बहिणीला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "मग साहेबांना काय पाठवू?" म्हटलं, साहेबांना काही नको, ऑपरेटरला पाठव. उड्डाणाची नोंद कोण तपासतं आणि किती दिवसांनी? कॅप्टन नाही म्हणाला तर कंपनीत त्याला फिरवू शकणारा कोणी आहे का? आणि हवामानामुळे रद्द झालं तर ते पैसे कॅप्टनच्या माथी मारले जातात का?

जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, 'साहेब गाडीत बसलेत' हे मी पण सांगते रे."